चौथ्या चौकटीचा डावा पाय

रविवार, जानेवारीतला दुसरा. जागा: न्हावऱ्याच्या पुढं, दौंडच्या वाटेवरची जुनी मुरमाची खाण, जिथं आमच्या क्लबची पिस्तूल रेंज आहे. हजर: मी, टार्गेटची व्यवस्था बघणारी. मिस्त्री, चौकटी बनवणारे सुतार. सर, रेंज अधिकारी. आप्पा, क्लबचे अध्यक्ष आणि खाणीच्या जमिनीचे मालक. पाहुणे एक, त्यांचा ड्रायव्हर एक. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांतले नेमबाज, बहुतेक शाळा-कॉलेजातली पोरंपोरी, आणि त्यांना सोडायला आलेले आईबाप. गैरहजर: अक्कल.

हे लिहायच्या आधी मी मुद्दाम काही आठवडे जाऊ दिले. राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही, तेव्हा आहे तसं लिहिते.

आधी कामाबद्दल. मी शिरूरला राहते आणि रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. मुलगी शाळेत असताना नेमबाजी शिकायला इथं यायची. तिला सोडून मी मागं खुर्चीवर बसायचे, आणि नुसतं बसणं मला जमत नाही, म्हणून टार्गेटचे कागद लावायला लागले. मुलगी पुढं कॉलेजला पुण्याला गेली. मी इथंच राहिले.

लोकांना वाटतं रेंज म्हणजे गोळी. गोळी क्षणात संपते. बाकी सगळा वेळ पुठ्ठा, खळ, चिमटे, पाचरी आणि वारा यांच्याशी झटापट असते. शनिवारी संध्याकाळी मी मैद्याची खळ शिजवते, त्यात चिमूटभर मोरचूद टाकते, नाहीतर शेडमधले किडे कागद खातात. रविवारी उजाडताना पोचायचं. थंडीत दव एवढं असतं की पुठ्ठे बाहेर काढले तर ओल्या पापडासारखे मऊ होतात, म्हणून ऊन अंगावर येईपर्यंत ते प्लास्टिकखाली ठेवायचे. तोवर चौकटी उभ्या करायच्या. आमच्याकडं सहा चौकटी आहेत. जमिनीत सिमेंटमध्ये लोखंडी खोबणी बसवल्या आहेत, त्यांत प्रत्येक चौकटीचे दोन लाकडी पाय जातात आणि पाचर ठोकून पक्के होतात. मिस्त्री पाणसळ लावून आडवं बघतात, मी खुणेची काठी धरून उंची बघते. काळ्या गोलाचा मध्य सहाही चौकटींत एका रेषेत आला पाहिजे. एखादी चौकट बोटभर झुकली तर तिथं उभा राहिलेला पोरगा दिवसभर स्वतःच्या हाताला शिव्या देत बसतो. चौकटींच्या मागं वावभर, दोन्ही हात पसरल्याएवढी मोकळी जागा, मग वाळूची पोती, मग खाणीची उभी भिंत. चौकटीला पुठ्ठा लागला की मागं बसलेला माणूस नेमबाजाच्या जागेवरून दिसत नाही. हे लक्षात ठेवा.

मिस्त्री शिरूरचेच, पिढ्यान्‌पिढ्या सुतारकीतलं मुसलमान घर. वयानं माझ्याहून मोठे, स्वभावानं तिखट. एकदा दाराची चौकट वाकडी म्हणणाऱ्या नवरदेवाच्या बापाला त्यांनी घराचीच भिंत वाकडी असल्याचं दाखवून दिलं होतं आणि हत्यारं उचलून निघून गेले होते. माझ्या कामांच्या यादीला ते पंचांग म्हणतात. सकाळी मोटारसायकल लावली की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, काय निघालं आज पंचांगात?" मी वाचून दाखवते, ते प्रत्येक कामावर एक टोमणा मारतात आणि ते काम करतात. आपण बनवायचं आणि दुसऱ्यांनी त्याला भोकं पाडायची, असला धंदा बापजाद्यांत कुणी केला नव्हता, असं ते दर रविवारी म्हणतात. पण चौकटीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

आता किल्ल्यांची फळी. पूर्वी आमच्याकडं लाल झेंडा होता. कुणी पुढं टार्गेटपाशी गेलं की झेंडा वर, परत आलं की खाली. कागदावर. प्रत्यक्षात तो सकाळी वर जायचा आणि संध्याकाळपर्यंत वरच राहायचा, उन्हानं गुलाबी झाला होता. शिट्टीचा उपयोग नाही, कारण उसाच्या हंगामात रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर गाणी लावून जातात. म्हणून मी सुचवलं: जो पुढं जाईल त्यानं आपल्या गाडीची किल्ली नेमबाजांच्या लाइनीमागं टांगलेल्या फळीवरच्या खिळ्याला अडकवायची. परत आल्यावर स्वतःच काढायची. फळीवर एक जरी किल्ली असेल तोवर पिस्तुलात गोळी भरायची नाही. दुसऱ्याच्या किल्लीला कुणी हात लावायचा नाही. किल्लीच का, तर बिल्ला माणूस विसरून जातो, किल्लीशिवाय घरी जाता येत नाही. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षस्थानी आप्पा होते. मिस्त्रींनी सागाची फळी रंधून दिली, तिला खिळे ठोकले, आणि वर स्वतःहून एक छोटं छप्पर केलं, पावसाचं पाणी खिळ्यांवर नको म्हणून.

आमच्या भागातली आणखी एक पद्धत इथं सांगायला हवी. लग्नाला, दहाव्याला, यात्रेला गेलं की गाडीची किल्ली गाडीलाच ठेवायची. मागून येणाऱ्याला जागा हवी असेल तर तो तुमची गाडी सरकवतो, आपली लावतो. कुणी विचारत नाही, कुणाला राग येत नाही. न विचारता दुसऱ्याची गाडी नीट लावून देणारा माणूस आमच्याकडं भला माणूस समजला जातो. मलाही याचा फायदा झालेला आहे.

त्या रविवारी दोन तालुक्यांचा सामना होता. सामना पोरांचा, पण आप्पांनी त्याला कार्यक्रम केला. मांडव, माइक, खुर्च्यांना पांढरी कव्हरं, शाली, नारळ. उद्घाटनाला एक पाहुणे बोलावले, पुढाऱ्यांतले. आणि फीत कापण्याऐवजी पाहुण्यांनी पहिली गोळी मारायची, ही कल्पनाही आप्पांचीच. मी आदल्या बैठकीत विरोध केला होता. ज्यानं कधी पिस्तूल धरलं नाही त्याच्या हातात पहिल्या दिवशी गर्दीसमोर ते द्यायचं नाही, एवढंच म्हणाले. सर म्हणाले, मी शेजारी उभा असेन. सर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, नियम त्यांना तोंडपाठ आहेत. विषय तिथं संपला.

सकाळी मी आणि मिस्त्री दोघांनी किल्ल्या लावल्या आणि पुढं गेलो. मिस्त्रींच्या किल्लीला सागाचा एक तुकडा लावलेला आहे, अंगठ्याएवढा, गुळगुळीत. तो खिळ्यावर टांगला की लांबून ओळखू येतो. सहाही चौकटी उभ्या केल्या, पुठ्ठे चढवले, कागद लावले. तेवढ्यात मिस्त्रींना चौथी चौकट झुकलेली दिसली. दवानं लाकूड फुगलं होतं, पाचर सैल पडली होती. तुम्ही चला, मी हिचं बघून येतो, म्हणाले आणि चौकटीच्या मागं उकिडवे बसले. मी परत आले, माझी किल्ली काढली. सर फोनवर होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं की मिस्त्री अजून पुढं आहेत, त्यांची किल्ली फळीवर आहे. त्यांनी मान हलवली. मी भोकांवर चिकटवायची ठिगळं आणायला शेडमध्ये गेले.

शेडमध्ये असताना बाहेर गाड्या आल्याचा आवाज आला, मग माइकवरून स्वागत, मग टाळ्या. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, गाणं जोरात होतं. मी ठिगळांचा डबा उघडत होते. मला वाटलं भाषणं होतील, हार होतील, वेळ आहे. मग गोळीचा आवाज आला.

मी डबा टाकून पळत बाहेर आले. पाहुणे हातात पिस्तूल धरून हसत उभे होते, सर त्यांचा हात खाली करत होते, लोक टाळ्या वाजवत होते. आणि चौथ्या चौकटीच्या मागून मिस्त्री उठले. हातात हातोडी. त्यांनी आधी चौकटीच्या डाव्या पायाकडं बघितलं, त्यात बोट घालून बघितलं, आणि मग, उसात शिरलेल्या जनावराच्या मालकाला हाक मारावी तसं ओरडले, "कोन हाय रं तिकडं?"

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. मागच्या खुर्च्यांवर काही वेळ चालूच होत्या.

पाहुण्यांनी नेम तिसऱ्या चौकटीवर धरला होता म्हणे. गोळी चौथीच्या डाव्या पायातून आरपार जाऊन मागच्या पोत्यात शिरली. मिस्त्री उजव्या पायाची पाचर ठोकत होते. दोन पायांमधलं अंतर म्हणजे चौकटीची रुंदी, दोन हातही नाही. लाकडाची एक ढलपी उडून त्यांच्या गालाला लागली होती, रक्त आलं होतं. मी पोचले तेव्हा ते चालत परत येत होते. हातोडी खाली ठेवत नव्हते. मी घेऊ गेले तर म्हणाले, राहू द्या. बोटं उघडतच नव्हती, हे मला नंतर कळलं.

मी फळीकडं बघितलं. फळी रिकामी होती.

यानंतर जे झालं त्याचा मला जास्त राग आहे. गोळीचा एक वेळ कमी.

पहिलं: पाहुणे पाणी प्यायले, घाम पुसला, आणि काही झालं नाही ना, काही झालं नाही ना, असं म्हणत मांडवात जाऊन बसले. दुसरं: आप्पा आणि सर बाजूला जाऊन कुजबुजले. तिसरं: सरांनी माइक हातात घेतला. ते म्हणाले, आपले मिस्त्री कामाच्या घाईत किल्ली फळीवर लावायला विसरले, पण देवाच्या कृपेनं मोठं संकट टळलं, आणि अशा कष्टाळू माणसाचा पाहुण्यांच्या हस्ते सत्कार व्हावा अशी अध्यक्षांची इच्छा आहे.

मिस्त्रींच्या गालावर मी कापूस धरला होता. त्यांना हाताला धरून नेलं. ज्यानं गोळी मारली त्यानं शाल घातली आणि नारळ दिला. टाळ्या वाजल्या. फोटो निघाला. मी हे डोळ्यांनी बघितलं. ज्याला मारणार होतो त्याला शाल घालायची, आणि शाल घालताना चूक त्याचीच होती हेही सगळ्यांना सांगून टाकायचं. शाल घेतली म्हणजे माणसानं मान्य केलं. मग पुढं कधी बोलायचं नाही.

मिस्त्री खुर्चीवर येऊन बसले. शाल अंगावर तशीच. मला वाटलं ते चिडतील, उठून जातील. त्यांनी नारळ हलवून पाणी आहे का ते बघितलं. मग हळू म्हणाले, "ताई, मी किल्ली लावली व्हती ना?"

 गोळीनं जे केलं नाही ते त्या माइकनं केलं होतं. फळी रंधणाऱ्या माणसाला आपण किल्ली लावली की नाही याची शंका यायला लागली होती. मी म्हणाले, लावली होती, माझ्या शेजारच्या खिळ्यावर, मी बघितली आहे. ते म्हणाले, मग गेली कुठं? त्यांनी खिसे चाचपले. मी सरांकडं गेले आणि तेच सांगितलं. सर शांतपणे म्हणाले की त्यांनी फळी बघितली, रिकामी होती, म्हणजे किल्ली नव्हती. मी विचारलं, मी तुम्हाला येऊन सांगितलं होतं त्याचं काय? ते म्हणाले, त्यानंतर मिस्त्री आले असतील असं समजलो. चौकटींच्या मागं जाऊन बघितलं का?  पाहुण्यांना उशीर होत होता, म्हणाले.

किल्ली सापडली ती मिस्त्रींच्या मोटारसायकललाच. गाडी सकाळी मांडवाच्या तोंडाशी होती, आता बाभळीखाली नीट सावलीत उभी होती आणि सागाचा तुकडा तिच्या किल्लीला लटकत होता. सर लगेच म्हणाले, बघा, गाडीलाच राहिली होती. मी म्हणाले, गाडी आपोआप चालत गेली का बाभळीखाली?

उत्तर पाहुण्यांच्या ड्रायव्हरनं दिलं. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. तो चहाच्या टेबलापाशी उभा होता, मी कप देताना सहज विचारलं की गाडी लावायला अडचण झाली का. तो म्हणाला, "न्हाई ना ताई. एक मोटारसायकल आडवी व्हती, पन तुमच्या आप्पांनी सोता सरकवली. त्या फळीवरनं किल्ली काढली आन् लावली झाडाखाली. एवढा मोठा मानूस, पन काय साधा." कौतुकानं सांगत होता तो.

मी आप्पांना मांडवाच्या मागं गाठलं. आप्पांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. खाणीची जागा त्यांनी फुकट दिली आहे, पोरांना रविवारी नाश्ता त्यांच्या घरून येतो. त्यांनी नाकारलंही नाही. गाडी आडवी होती, सरकवली, म्हणाले. किल्ली गाडीला ठेवली, मिस्त्रीला शोधायला नको म्हणून. लग्नात आपण करतोच की. मी विचारलं, आप्पा, ही फळी कशासाठी आहे? तुमच्याच बैठकीत ठरलं होतं. ते म्हणाले, त्या वेळी डोक्यात पाहुण्यांची गाडी होती. मग म्हणाले, "झालं ते झालं, ताई. मानसाला काही लागलं न्हाई. सत्कार बी केला आपन."

मी म्हणाले, माइकवर सांगा. किल्ली फळीवर होती आणि तुम्ही काढली, एवढंच.

"पाहुण्यांसमोर?"

पुढच्या बैठकीत बघू, असं म्हणून ते निघाले. तिकडं सर पोरांना जागा वाटून देत होते. सामना सुरू होणार होता. चौथी चौकट वगळायची, बाकी पाचांवर चालवायचं, असं ठरलं होतं. टार्गेट तयार होतीच. माझी आणि मिस्त्रींची सकाळची मेहनत तयार उभी होती, आणि आता ती मिस्त्रीच चुकले हे खोटं पक्कं करायला कामी येणार होती.

मला भांडता येत नाही. म्हणजे येतं, पण मी भांडायला लागले की माझा आवाज चिरकतो आणि लोक मुद्दा सोडून आवाजाकडं बघतात. मला काम करता येतं. मी माझ्या स्कूटरची किल्ली खिशातून काढली, फळीपाशी गेले, खिळ्याला अडकवली, आणि चालत पुढं जाऊन चौथ्या चौकटीच्या बाजूला, लाइनीवरून दिसेन अशी, मिस्त्रींच्या पुठ्ठे चढवायच्या स्टुलावर बसले.

नियमाप्रमाणे आता गोळी सुटणार नव्हती. नियम मी केला होता आणि त्यांनी पास केला होता.

आधी कुणाला कळलंच नाही. सरांना वाटलं मी कागद बदलते आहे. मग त्यांनी माइकवरून मला परत बोलावलं. मी हात हलवून नाही म्हणाले. मग ते लाइनीपर्यंत आले आणि तिथून समजावू लागले. मुलं ताटकळली आहेत, दौंडच्या मुलांना परत जायचं आहे, ही शिस्त नव्हे. मी ऐकून घेतलं. ऊन चढत होतं, नदीकडून वारा सुरू झाला होता, कागदांचे कोपरे उडायला लागले होते. मला चिमटे घट्ट करायची सवय आहे, पण मी हात लावला नाही. एका मुलीची आई लाइनीवर येऊन म्हणाली की तुमच्यामुळं पोरांचा दिवस वाया चालला आहे. ते मला लागलं. माझी मुलगीही त्याच लाइनीवर उभी राहायची. मी तिला म्हणाले, तुमची मुलगी पुढच्या रविवारी माझ्याबरोबर कागद लावायला येईल, तेव्हा तिची किल्ली कुणी काढलेली चालेल का तुम्हाला? ती मागं गेली.

मग मिस्त्री आले. आधी बाभळीखाली जाऊन गाडीची किल्ली घेतली, फळीपाशी आले, माझ्या शेजारच्या खिळ्यावर अडकवली, आणि ती सगळ्यांना दिसेल अशी जरा सरळ केली. शाल अजून खांद्यावर होती. येऊन पोत्यावर बसले.

"ह्ये पंचांगात व्हतं का, ताई?" म्हणाले.

मी म्हणाले, नव्हतं, आत्ताच घातलं.

"मग स्टूल तरी मला द्यायचं. गोळी मला लागनार व्हती, बसायला पोतं बी मलाच."

मी स्टूल दिलं. आम्ही दोघं तसेच बसलो. ते डाव्या पायाच्या भोकाकडं बघत होते, पुन्हा पुन्हा बोट घालत होते. म्हणाले, लाकूड चांगलं होतं, दुसरं असतं तर फाटून दोन झालं असतं. मी विचारलं, शाल का घेतली? ते म्हणाले, एवढ्या लोकांत अंगावर टाकली, काय खाली फेकू? आणि थंडी वाजत होती. त्यांना खरंच थंडी वाजत होती. त्या उन्हात.

शेवटी आप्पा आले. तावातावानं, धोतराचा सोगा हातात धरून, लाइन ओलांडून सरळ आमच्याकडं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, थांबा. तुमची किल्ली लावून या."

ते मधेच थांबले. सगळी रेंज बघत होती. मला क्षणभर वाटलं, आता हे परत जातील, फळीवरच्या दोन्ही किल्ल्या काढून खिशात टाकतील आणि सामना सुरू करा म्हणतील. त्यांची जमीन, त्यांचा मांडव. कुणी अडवलं नसतं. ते परत गेले. फळीपाशी बराच वेळ उभे राहिले. आमच्याकडं पाठ होती, ते काय करतात ते दिसत नव्हतं. मग त्यांनी जीपची किल्ली कनवटीची काढली आणि तिसऱ्या खिळ्यावर लावली. मग सावकाश चालत आले.

आमच्याजवळ आल्यावर त्यांनी पहिल्यांदा चौकटीचा पाय बघितला. वाकून, भोकातून पलीकडं. मग गोळीच्या वेळी मिस्त्री जिथं उकिडवे बसले होते ती जागा बघितली. तिथून लाइन दिसत नाही, नुसता पुठ्ठा दिसतो.  मग मिस्त्रींना म्हणाले, चुकलं माझं.

मिस्त्री म्हणाले, "मला कशाला सांगता, आप्पा. मी किल्ली लावली व्हती, मला ठाव हाय. त्यांना सांगा. त्यांच्याम्होरं मला इसरभोळा केलाय."

आप्पा गेले. माइक घेतला. पाहुणे मांडवातच होते. आप्पांनी फार काही म्हटलं नाही. मिस्त्रीची किल्ली फळीवर होती, ती मी काढली, माझ्याकडून चूक झाली, असं म्हणाले, आणि माइक सरांच्या हातात न देता टेबलावर ठेवला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, हे बरं झालं.

आम्ही परत आलो. मिस्त्रींनी स्वतःची किल्ली स्वतः काढली, मी माझी काढली, आप्पांची तिथंच राहिली होती, त्यांना हाक मारून बोलवावं लागलं. सामना उशिरा सुरू झाला. कोण जिंकलं ते माझ्या लक्षात नाही. निघताना मिस्त्रींनी चौथी चौकट खोबणीतून उपसली, शेडमध्ये आडवी ठेवली आणि आप्पांना सर्वांसमोर सांगितलं: डावा पाय बदलायचा आहे. लाकूड तुम्ही आणायचं, तुमच्या हातानं. बसवून मी देईन, मजुरी नको. आप्पा म्हणाले, आणतो, घरचाच साग पडला आहे.

सरांनी आजवर मिस्त्रींशी त्या विषयावर एक शब्द काढलेला नाही. माझ्याशी बोलतात ते कामापुरतं. मी कार्यक्रमाचा विचका केला असं त्यांचं मत आहे, ते त्यांनी इतरांना सांगितलं आहे आणि इतरांनी मला. आता हा विषय निघाला की लोक हसतात. ताईंनी उपोषण केलं होतं म्हणतात. मिस्त्रींना शाल कशी शोभत होती म्हणतात. गोळी किती जवळून गेली हे कुणी म्हणत नाही. मी असताना कुणी हसलं तर मी त्याला शेडमध्ये नेते आणि त्या भोकात बोट घालायला लावते. आजवर जे आले त्यांचं हसू तिथंच थांबलं.

मिस्त्री दर रविवारी येतात. पाच चौकटी उभ्या करतात. चौथीच्या खोबणींत पालापाचोळा साठतो, तो मी काढते. आप्पाही येतात, नाश्ता येतो, लांबूनच हात करतात आणि शेडकडं मात्र फिरकत नाहीत. लाकडाबद्दल एकदा विचारलं तर म्हणाले, लक्षात आहे. शिरूरच्या वखारीत तसा साग मिळतो, माझ्या कंपनीच्या वाटेवरच आहे वखार, मी अर्ध्या तासात कापून आणू शकते. मिस्त्रींच्या घरीही तुकडे पडलेले आहेत. मी आणणार नाही, तेही आणणार नाहीत.

या रविवारची कामं: खळ शिजवणे. काळी आणि पांढरी ठिगळं, दोन्ही संपत आली, मागवणे. पोत्यांत वाळू भरणे, डावीकडची दोन फाटली आहेत. चिमट्यांना तेल. फळीच्या छपराचा एक खिळा सैल झाला आहे, मिस्त्रींना सांगणे. चौथ्या चौकटीचा डावा पाय, लाकूड आप्पांकडून यायचं आहे.